दाण्यावरचं पाऊल

डॉ. गार्गी सोवनी या बाईची एक खोड मला पहिल्याच भेटीत खटकली. माणूस समोर बसलेला असताना ती त्याच्याविषयी दुसऱ्याशीच बोलते. माझा हेमराज, हवालदार हेमराज कापगते, माझ्या शेजारच्या खुर्चीत गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, आणि ही बाई मला विचारत होती, "यांना लहानपणी चालायला उशीर लागला होता का?"

मी म्हटलं, "तो बसलाच आहे जी. त्याले तोंड आहे."

"त्यांना आठवणार नाही, आजी."

"मंग मलेही नाही आठवत."

हेमराजनं मान खाली घातली. पंचेचाळिशी ओलांडलेला बाप्या, पण मी कुणाला टोचलं की हसू लपवायला अजून तसाच खाली बघतो. सोवनीबाईनं हातातल्या पाटीवर बोटानं काही उमटवलं. माझं उत्तरसुद्धा तिला कामाचं वाटलं असावं.

ती प्रयोगशाळा एका टेकडीच्या पोटात आहे. आत एवढं मोठं दालन की आमच्या गावची सगळी घरं त्यात मावतील, आणि त्या दालनात रान लावलेलं. रंगवलेलं नाही, खरं. खरी माती, कुजका पाला, बांबूची बेटं, वेली. वरून दिवे सरकत जातात म्हणून सावल्या सरकतात. भिंतींतून वाफ सोडतात म्हणून अंग चिकट होतं. त्याला ते 'कृत्रिम रान' म्हणतात. त्या रानात माझा मुलगा दोन वर्षं रोज चालत होता, पायांना तारा चिकटवून. घरी फोनवर सांगायचा, "माय, ऑफिसचं काम आहे."

कर्नल भोइटे म्हणून तिथले मुख्य. पिकल्या मिशांचे, बोलायला सरळ. त्यांनी विचारलं, "आमचं काम तुम्हाला कुणी समजावून सांगितलं का?"

"पोरगा पाय भाड्यानं देते, एवढं समजलं."

"तसंच म्हणा," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. "रानात गस्त एका ओळीत चालते. पुढचा माणूस पाहतो पाय कुठं ठेवायचा, मागचे त्याच्या पावलात पाऊल ठेवतात. दोघांत अंतर सोडतात, म्हणजे स्फोट झालाच तर एकाच्या जागी दोघं जात नाहीत. बोलायचं नाही, हातानं खुणा करायच्या. गेल्या वाटेनं परतायचं नाही. हे सगळं ओळ आहे तोवर ठीक. झाडीतून गोळी सुटली की ओळ मोडते. जो तो आडोशाला पळतो, आणि तेव्हा कुणाच्याच पुढं कुणी चालत नसतं. समोरच्या टोळ्यांना हे पक्कं माहीत आहे. त्यांची पहिली गोळी मारायला नसतेच. ती पळवायला असते. मरण त्यांनी वाटेच्या बाजूला आधीच मांडून ठेवलेलं असतं."

"कसलं?"

"कारखान्यातलं काही नाही. खड्ड्यात रोवलेले बांबूचे अणकुचीदार तुकडे, वर पालापाचोळा. वाकवून ताणून धरलेली फांदी. तारेला बांधलेला डबा. रानात जे हाती येईल त्याचं हत्यार."

मग सोवनीबाई बोलली. बोलताना तिचा चेहरा बदलतो, हे मला कबूल करावं लागेल. आवडीचं काम करणाऱ्या माणसाचा होतो तसा.

"हवालदार कापगते इतकी वर्षं गस्तीच्या पुढं चालले आणि एकदाही सापळ्यावर पाय पडला नाही. कसं जमतं म्हणून विचारलं, तर सांगता येत नाही."

"पाय आपोआप बाजूले होते," हेमराज म्हणाला.

"बरोबर. चालताना पाऊल कुठं पडणार हे आपण ठरवत नसतो. डोळा जमीन पाहतो, डोक्याच्या मागच्या बाजूला खाली लहान मेंदू असतो, तो पायाला हुकूम देतो. आपल्याला कळेपर्यंत पाऊल पडलेलं असतं. आम्ही यांची ती निवड टिपली. हजारो पावलं, हर तऱ्हेच्या जमिनीवर. त्याचा 'पाऊलठसा' तयार केला. आता प्रत्येक जवानाच्या पोटरीला एक 'इशारापट्टी' असते. शिरस्त्राणावरचा कॅमेरा जमीन पाहतो, ठसा ठरवतो की इथं हेमराज कापगते यांचं पाऊल कुठं पडलं असतं, आणि पट्टी पोटरीला विजेचा बारीक चिमटा काढते. पाय तिकडं वळतो. काही महिन्यांनी जवानाला चिमटा जाणवतही नाही. पाय त्याचा, चाल यांची."

"पोटरीलेच काहून?"

"तिथं मज्जातंतू कातडीच्या जवळ असतो. का हो?"

"काही नाही. मी बी तेथंच हाणत होती."

ती थांबली. कर्नलकडं बघून म्हणाली, "तेच विचारायला यांना बोलावलंय."

भिंतीवर तिनं रानातलं एक दृश्य लावलं. पळणाऱ्या पोरांच्या डोक्यावरून घेतलेलं, म्हणून नुसतं हलत होतं. मग तिनं ते थांबवलं. एक पाय हवेत, एका जागेवरून बाजूला वळत असलेला. त्या जागेवर ओल्या पाल्यावर काही पांढरं पडलेलं होतं.

"तांदूळ," मी म्हटलं.

"तांदूळ. एक मूठ. पहिलं वर्षभर आमच्या एकाही जवानाचा पाय गेला नाही. मग एकाएकी रोज कुणीतरी जायला लागलं. मी सगळी दृश्यं पुन्हा पुन्हा पाहिली. कुण्या बाईच्या टोपलीतून कधीतरी वाटेवर तांदूळ सांडले असतील, गस्त त्याला वळसा घालून गेली असेल आणि झाडीतून कुणीतरी ते पाहिलं असेल. तेवढं पुरलं त्यांना. सापळा म्हणजे पायाविषयीचा अंदाज असतो, आजी. दहा माणसांचे पाय दहा तऱ्हांचे असतात तोवर तो अंदाज चुकतो. आम्ही सगळ्यांना एकच पाय दिला. आता मूठभर तांदूळ टाकायचे, आणि पाय जिथं वळणार तिथं खड्डा करायचा."

मी म्हटलं, "दाण्यावर पाय देणार नाही तो. माझा लेक होय."

ते मी अभिमानानं म्हटलं, आणि अजूनही त्याच अभिमानानं लिहिते आहे. आमच्याकडं धानाची मळणी चालली की पोरं पायांत घोटाळायची. हेमराज चालायला लागला तेव्हापासून माझ्या हातात निंबाचा फोक असायचा. दाण्यावर पाय पडला की पोटरीवर फोक. ओरडायचं नाही, समजावायचं नाही. दुसऱ्या सुगीपर्यंत ते पोर खळ्यावर चिमणीसारखं चालायला लागलं. एकदा गावचा पाटील बूट घालून खळ्यात शिरला, त्यालाही मी बांधावर उभा केला होता. ती आमच्या घराची रीत. पंजाबातली, आसामातली, कुठकुठली पोरं माझ्या फोकाच्या भीतीनं वळसे घालत होती आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं.

"तेवढंच काढून टाका न ठशातून," मी म्हटलं.

"यंत्राला पाऊल कुठं पडलं ते कळतं, का पडलं ते कळत नाही. दाण्यापासून वळलेलं पाऊल आणि तारेपासून वळलेलं पाऊल ठशात सारखंच दिसतं. वेगळं काय काढू? ठसा नव्यानं घ्यावा लागेल. आधी यांना दाण्यावर चालता आलं पाहिजे. ते प्रयत्न करतात, पण ठरवून करतात. ठरवलं की विचार पायात उतरतो, आणि विचारानं टाकलेल्या पावलाचा ठसा उमटत नाही. ही सवय ज्यांनी लावली त्यांनाच ती मोडता येईल, असा माझा अंदाज आहे."

मी उठले. "तोंडचा घास पोराच्या पायाखाली घालायला मी एवढ्या लांब आली नाही जी."

तेव्हा कर्नल म्हणाले, "तुमचा नातू तुकेश ज्या तुकडीत आहे, ती डोंगरापलीकडं अडकली आहे. सोबत एक जखमी आहे. ढग इतके खाली आहेत की हेलिकॉप्टर उतरत नाही. त्यांना पायी यावं लागेल, आणि कुठूनही आले तरी सापळ्यांचा तो पट्टा ओलांडावाच लागेल. नवा ठसा आम्ही इथून आकाशमार्गे त्यांच्या पट्ट्यांत पाठवू शकतो. तोवर आहात तिथंच थांबा, असं त्यांना कळवलंय."

"पट्ट्या काढून फेका म्हणावं त्याहिले!"

"पट्टी काढली तरी ठसा आता त्यांच्या पायात मुरलाय," सोवनीबाई म्हणाली. "पाय वळणारच. त्याला उलट हुकूम द्यायचा तर पट्टी हवी."

तुकेश हेमराजचा थोरला. हेमराज बाहेर आल्यावर व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा राहिला.

"माय, तू नाही म्हण. मी पाहतो काय करायचं ते."

"तुकेश तुह्या पोरगा का माह्या?"

"दोघायचा."

"मंग चाल."

त्यांनी कृत्रिम रानातल्या पायवाटेवर तांदूळ पसरले. मूठभर नाही, पोतंभर. मी आधी नुसता हुकूम करून पाहिला. "दे पाय." त्यानं दिला; डोळे मिटून, दात आवळून, विस्तवावर द्यावा तसा. दालनाच्या भिंतीत एक खोली होती, तिच्या काचेमागून सोवनीबाईनं नकाराची मान हलवली. ठरवलेलं पाऊल.

मग मला सुचलं ते गस्तीवरूनच. मी चपला काढल्या आणि त्याला म्हटलं, "मी पुढं चालते. माझ्या पावलात पाऊल ठेव, अन् माझ्याशी बोल."

आयुष्यात पहिल्यांदा मी तांदळावर पाय दिला. मला वाटलं होतं, काहीतरी होईल. कळ येईल, घेरी येईल, निदान अंगावर काटा येईल. दाणे तळपायाखाली थोडे सरकले, एवढंच. काहीच झालं नाही, आणि तेच मला आवडलं नाही.

"निर्मलानं कौलं फिरवली का?" मी विचारलं. निर्मला माझी सून.

"फिरवली म्हणते."

"म्हणते! माणूस लावला असंल तिनं. स्वतः चढली असंल तर मी नाव बदलीन."

"माय, ती काहून चढंल? पडली म्हणजे?"

"तुह्या बाप होता तवा मी चढत नव्हती का?"

"तू आन् ती सारखी आहे का?"

"नाही तेच तर बोलून रायली मी!"

असं आम्ही भांडत चाललो. त्या वाटेवर किती फेऱ्या घातल्या, मोजल्या नाहीत. पहिल्या दिवशी माझ्या पावलात पाय टाकताना तो अडखळायचा. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, जुनी बैलजोडी त्यानं फुकट घालवली. तो इतका चिडला की हातवारे करत माझ्यामागं चालत राहिला. लहान लेकरू आईच्या मागं चालतं तेव्हा जमीन बघत नाही, आईची टाच बघतं. आमच्यात ते अजून शिल्लक होतं. दिवस गेले तसं मी त्याला पुढं घातलं आणि स्वतः वाटेच्या कडेला थांबले. तो बोलत बोलत तांदळावरून पार निघून गेला. पूर्ण पाऊल टेकवून. आपण कशावरून गेलो हे त्याला कळलंसुद्धा नाही.

सोवनीबाई काचेमागून धावत बाहेर आली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. "उमटला," म्हणाली, "ठसा उमटला!"

मी नळावर जाऊन पाय धुतले. हेमराजनं नाही धुतले. त्याच्या ध्यानातच आलं नाही.

ठसा तात्काळ पाठवावा असं सोवनीबाईचं म्हणणं. कर्नल अडून बसले. "चाचणी घेतल्याशिवाय पोरांच्या पायात काही घालणार नाही." त्या रानात जागोजागी खोटे सापळे असतात. खोल खड्ड्यांऐवजी फळ्या, स्फोटकांऐवजी घंट्या. जागा रोज बदलतात. दोन वर्षांत हेमराजच्या पायानं एकही घंटी वाजली नव्हती.

तो निघाला. तांदळावरून सहज गेला. कर्नलनी माझ्याकडं बघून मान डोलावली. तेवढ्यात घंटी वाजली.

हेमराजनं मागं वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाची वाजली असेल असं. पुन्हा चालू लागला. दुसरी वाजली. मग बांबूच्या बेटाजवळ तिसरी, आणि ओढ्याच्या काठाला एकामागोमाग एक. तो थांबला. स्वतःच्या पायांकडं तो बघत उभा राहिला, देवळाबाहेर परक्याच्या चपला पायात आल्यावर माणूस बघतो तसा.

घंट्यांचा नाद त्या दालनात बराच वेळ राहतो.

शेवटी सोवनीबाई बोलली. आवाज अगदी बारीक झाला होता. "ते सापळे शोधतच नव्हते. कधीच नव्हते. पाय एकच गोष्ट करत होता. जमिनीवर जे वरून आलेलं आहे, जे तिथलं नाही, त्यावर पडायचं नाही. दाणा असो, तार असो, उकरून पुन्हा बसवलेली माती असो. एकच सवय होती ती. मी तिला दोन समजले."

"मी बी," मी म्हटलं. ते खरं होतं.

"पुन्हा शिकवता येईल?" कर्नलनी विचारलं.

"त्याच्या हाडाची काडी होती तवा शिकवलं जी मी. आता फोक कोनावर उगारू?"

कर्नल उभ्याउभ्या म्हणाले, "म्हणजे जुना ठसा ठेवला तर तांदळावर मरतील, नवा पाठवला तर कशावरही मरतील."

मी विचारलं, "पोरं काय म्हणून रायली?"

"कोणती पोरं?"

"रानातली. तांदळाचं सांगितलं तवा ते काय म्हणाले?"

कर्नलनी सोवनीबाईकडं पाहिलं. सोवनीबाईनं हातातल्या पाटीकडं पाहिलं.

"त्यांना सांगितलेलं नाही," ती म्हणाली.

मला वाटलं, मी ऐकण्यात चुकले.

"सांगितलं असतं तर ते पायांकडं बघायला लागले असते. विचार पायात उतरला असता, आणि ठसा जेवढा वाचवत होता तेवढंही वाचवू शकला नसता. मी नको म्हटलं. तो माझाच निर्णय होता."

"मी तो मान्य केला," कर्नल म्हणाले. नंतर त्यांनी बिनतारी यंत्राच्या खोलीचं दार उघडलं, आणि आम्हाला थांबा म्हणाले नाहीत म्हणून आम्हीही मागोमाग शिरलो. हेमराजला दाराच्या उंबऱ्याची ठेच लागली.

पलीकडून एका सुभेदाराचा आवाज आला, खरखरत. कर्नलनी त्याला सगळं सांगितलं. ठसा कुणाचा, सवय कुठली, तांदूळ कशासाठी. काही राखलं नाही.

मग सुभेदार म्हणाला, "म्हणजे साहेब, जिथं तांदूळ दिसेल तिथली जमीन पक्की. सापळा बाजूला."

"हो. पण तुमचे पाय तिथं पडणार नाहीत. वळतील. जोर करून टाकलात तरी शेवटच्या क्षणी वळतील."

तिकडं आपसांत काही बोलणं झालं. आणि माझ्या नातवाचा आवाज आला. घसा बसलेला.

"साहेब, कापगते बोलतो. पाय नाही पडत तर नाही पडत. मी वाकून तांदूळ उचलून घेतो. उचलल्यावर तर पडन न पाय?"

सोवनीबाईनं तोंडावर हात ठेवला.

आमच्या घरात सांडलेल्या दाण्याचं असं आहे. त्यावर पाय द्यायचा नाही, हे अर्धं झालं. वाकायचं, उचलायचा, कपाळाला लावायचा, हे उरलेलं अर्धं. त्यासाठी मला कधी फोक लागला नाही. पोरं मला बघून शिकली. मी ते सोवनीबाईला सांगितलं नव्हतं, कारण ती पायांचंच विचारत होती आणि मलाही पायांचंच सुचत होतं. यंत्रानंसुद्धा फक्त पाय नेले होते.

ती तुकडी तशीच आली. पुढं तुकेश, गुडघ्यांवर. दिसले की तांदूळ वेचून रुमालात घ्यायचे, उघड्या झालेल्या जागेवर पाऊल टाकायचं, आणि मागच्यांनी त्याच्या पावलात पाऊल. कासवाच्या चालीनं. दोनदा झाडीतून गोळ्या आल्या. कुणी पळालं नाही. वेचलेल्या जमिनीवरच सगळे आडवे झाले, आणि पळवायला सोडलेली गोळी पळवल्याशिवाय वाया गेली. वेचलेल्या तांदळात विष असेल म्हणून त्यांनी ते शेवटी नदीत सोडले.

बाकी सगळे धड आले. सोबतचा जखमी पोरगा, नार्झारी नावाचा, पट्टा ओलांडल्यावर नदीच्या अलीकडं गेला. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस आधी पोचला असता तर वाचला असता. ते थोडे दिवस कुठं गेले ते मला माहीत आहे. मी आणि हेमराज तेव्हा पोतंभर तांदळावर चालत कौलांवरून भांडत होतो.

हेमराजला घेऊन मी गावी आले. सैन्यानं त्याला मानानं मोकळं केलं. पण त्याचे पाय आता कशालाही विचारत नाहीत. अंगणात वाळत घातलेल्या धानावरून तो सरळ चालत जातो. सुपावर पाय देतो, वासराच्या दाव्यात अडकतो. कळलं की मान खाली घालतो. तेव्हा मात्र हसत नसतो. एकटा असला की पायांवर नजर ठेवून चालतो, माझ्याहून म्हाताऱ्या माणसासारखा. गावची पोट्टी मागून नक्कल करतात. मी त्यांना दगड मारते, पण माझा नेम आता राहिला नाही.

धान कापणीला आलं तेव्हा सोवनीबाई एकटीच गावी आली. गाडी तलावाशी सोडून चालत. निर्मलानं खाट टाकली. हेमराज समोर बसला, तुकेश सुटीवर होता तो दाराशी उभा राहिला.

"मी माफी मागायला आले, आजी."

"मागा."

"मागते."

"ऐकली. पानी प्या."

ती पाणी प्याली. पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला. ती बाई खोटं बोलत नाही, एवढं मी ओळखलं होतं; म्हणून पेला तिसऱ्यांदा उचलल्यावर मीच म्हटलं, "आता दुसरं बोला."

"वरून विचारणा आहे," ती म्हणाली. "तुकेशच्या हातांची. तो ज्या तऱ्हेनं दाणे वेचत होता, मातीला धक्का न लावता... तसे हात प्रत्येक तुकडीत असले तर किती जीव वाचतील. आम्ही त्याला 'हातठसा' म्हणतोय. मोजे असतील. या वेळी मी जवानांना सगळं सांगेन, हे मी आधीच लिहून दिलंय. मला नाही म्हणता आलं नाही, आजी. वाचतील हे खरं आहे."

तुकेशनं माझ्याकडं पाहिलं. हेमराजनं आपल्या पायांकडं.

मी सुनेला म्हटलं, चूल थांबव, बाहेर ये, सगळ्यांनी ऐकायचं आहे. मग मी खाटेसमोर उभी राहिले.

"ऐका सोवनीबाई. हात भेटत नाही. पाय दिले, कारण पोरं वाचतात असं मले वाटलं. तुमाले बी तसंच वाटत होतं, तुमी खोट्या नाही, हे मी चारचौघांत म्हनीन. पण त्या पोरायले एक शब्द सांगायचा होता. तुमाले त्यायचे पाय हुशार पाहिजे होते, म्हणून तुमी मानसं अडाणी ठेवली. त्याची माफी माझ्याजवळ नाही. ती नार्झारीच्या मायजवळ आहे, तिच्या दारात जाऊन मागा. देते का नाही ते ती पाहीन. माझ्याकडं राहिला हा हेमराज. याले पुन्हा चालाले शिकवाचं तर पुढं कोनीतरी पाहिजे, अन् माझे गुडघे गेले. म्हणून उद्या सकाळी चपला काढून तलावाच्या पाळीवर या. पुढं तुमी चालायचं, मागं तो. काटा असंल, दाणा असंल, साप असंल, तुमी पाहायचं. तुमचा पाय जेथं पडंल तेथंच त्याचा पडन, तवा पाहून टाका. त्याचे पाय त्याले परत भेटत नाही, तोवर तुमाले सुटी नाही."